मोरीच्या ओळखीचा हात

पंचगंगेवरून उठलेलं धुकं गंगावेशीपर्यंत येऊन अडलं होतं. दूध कट्ट्यावर चार म्हशी उभ्या होत्या आणि त्यांच्या नाकातोंडातल्या वाफेनं ते आणखी दाट वाटत होतं. बनाबाईनं आपल्या मोरी म्हशीचं दावं खुंटीला अडकवलं, रेडकू दोन घोट पाजून बाजूला ओढलं, कोमट पाण्यानं कास धुतली आणि दात आवळले. पाणी कोमटच होतं, पण हाताला ते इंगळागत झोंबलं.

पंचावन्न वर्षांची बनाबाई लग्न होऊन गवळी गल्लीत आली तेव्हापासून धारा काढत होती. नवरा पिराजी असेपर्यंत म्हशी कट्ट्यावर आणायचं आणि गिऱ्हाइकाशी बोलायचं काम त्याचं, धार मात्र हिची. तो गेल्यावर बोलणंही हिच्याच अंगावर पडलं. कट्ट्यावरच्या दुधाचा मान एवढाच, की ते पिणाऱ्याच्या डोळ्यांदेखत निघतं. ग्लास कासेखाली धरायचा, फेस काठाला आला की तसाच पुढं करायचा. त्यामुळं इथं माणसं आधी म्हस बघतात आणि मग हात.

सासू चिमणाबाईनं तिला धार शिकवायच्या आधी हात राखायला शिकवलं होतं. मिरग निघाला की करंजेलात हळद कालवून बोटांच्या बेचक्यात लावायची, म्हणजे चिखल्या होत नाहीत. दसऱ्यानंतर खोबरेल. थंडी पडली की कोकमतेलाचा पिवळा गोळा निखाऱ्यावर धरायचा आणि पाझरलेलं तेल निजताना हाताला चोपडायचं. होळी झाली की सगळं बंद, नुसतं ताक. "माणसं तोंड बघत्यात, म्हस हात बघतीया," सासू म्हणायची. चौतीस वर्षं यात खंड नव्हता.

सून संयोगिता घरात आली तेव्हा तिच्या फळीवरच्या बाटल्या बघून बनाबाई गल्लीभर हसत सुटली होती. उन्हाळ्याचं क्रीम निराळं, थंडीचं निराळं, पावसात आणखी तिसरंच.

"व्हय गं, तुझ्या तोंडाला पन खरीप-रब्बी हाय काय?"

"तुमच्या हाताला हाय की, आत्ती," संयोगिता म्हणाली होती.

घोटाळा झाला तो यंदाच्या पावसात. दसऱ्याला जायचा तो पाऊस दिवाळीचा फराळ खाऊनच गेला. गोठ्यातली जमीन वाळेना, हात वाळेनात. करंजेलाला न जुमानता खाज बेचक्यातून मनगटावर चढली, लाल चट्टे उठले. बनाबाईनं औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. चार दिवसांत खाज गेली, आठ दिवसांत चट्टे गेले. एवढं गुणाचं औषध तिनं जन्मात बघितलं नव्हतं. पाऊस सरला, थंडी आली, तरी ट्यूब सुरूच. कोकमतेलाचा गोळा कागदात गुंडाळलेला फळीवर तसाच पडून राहिला. पावसात ज्यानं गुण आला ते थंडीत का सोडा, असा तिचा हिशेब. शिवाय एक दिवस लावायचं राहिलं की हाताची आग व्हायची.

मार्गशीर्षात कातडी चकाकायला लागली तशी ती मनातून खूश झाली होती. पौष लागला आणि तीच कातडी कांद्याच्या पापुद्र्याएवढी उरली. मूठ वळली की चिरायची. पंधरा दिवस झाले, ती घरात कुणाला हात दाखवत नव्हती. गुडघा दुखतोय म्हणून तिनं भाकरीचं काम सुनेवर टाकलं.

"भाकरी गुडघ्यानं थापत होतासा काय, आत्ती?" संयोगितानं विचारलं. बनाबाई ऐकू न आल्यासारखी उठून गेली होती.

आता समोर भाऊसो उभा होता. एस.टी.तून निवृत्त झालेला ड्रायव्हर. वीस वर्षं कट्ट्यावरचा पहिला ग्लास त्याचा.

"मोरी आज लय पाय बदलतीया, बनाक्का."

"गारठलीया."

मोरी गारठली नव्हती. बनाबाईची पकडच सरळ नव्हती. एक बोट वाचवायला गेलं की दुसऱ्यानं सड ओढला जायचा, आणि मोरी मान वळवून बघायची. कसाबसा ग्लास भरला. तिनं तो पुढं केला. भाऊसोनं ओठाजवळ नेला आणि थांबला. पांढऱ्या फेसावर गुलाबी रेघ होती.

त्यानं ग्लास उजेडाकडं धरला. "कासेतनं आलंय काय हे?"

व्हय म्हटलं असतं तर खपलं असतं. म्हशीला होतं असं कधी कधी. पण कासेतनं रक्त येतं ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गावातल्या चारी कट्ट्यांवर फिरली असती आणि मोरीचं दूध कुणी तोंडाला लावलं नसतं.

"न्हाय," बनाबाई म्हणाली. "म्हस चांगली हाय. माझा हात चिरलाय."

भाऊसोनं ग्लास हळूच कठड्यावर ठेवला. "मग आज ऱ्हाऊंदे."

तो रागावला नव्हता. दोन पावलं चालून तो शेजारच्या म्हशीपाशी गेला आणि त्याच्यामागचे दोघंही तिकडं सरकले. बनाबाईनं तो ग्लास गटारात ओतला आणि उरलेली धार रेडकाला सोडली.

बनाबाई घरी येताच संयोगितानं तिचं मनगट धरलं. कट्ट्यावरची बातमी तिच्याआधी गल्लीत आली होती.

"दावा."

तिनं हात दाखवले. "चला दवाखान्यात." संयोगिता चप्पल घालून बाहेर उभी राहिली.

कातडीच्या रोगांची डॉक्टरीण संयोगिताच्याच वयाची होती. तिनं ट्यूब उलटसुलट करून वाचली.

"किती दिवस लावायला सांगितलं होतं?"

"बरं वाटंस्तोवर."

"बरं कधी वाटलं?"

"दिवाळीच्या आसपास."

"आणि आता संक्रांत आली." डॉक्टरिणीनं ट्यूब बाजूला ठेवली. मग तिनं समजावून सांगितलं. त्या मलमात स्टेरॉईड असतं, जास्त दिवस लावलं की कातडी झिजते. बंद केल्यावर आधी आग वाढेल, दम धरायचा. जाड मलम, वरून सुती हातमोजे. दोन महिने पाण्यात हात नाही, धार तर नाहीच.

"आन् मग पयल्यासारखं?"

"ते उन्हाळ्यात बघू, मावशी."

मोरी ही एका हाताची म्हस, ओळखीच्या हाताशिवाय दूध न सोडणारी. राजवीर, म्हणजे बनाबाईचा मुलगा, शिरोलीच्या कारखान्यात जायचा, आणि तसंही मोरी बाप्यामाणसाला कासेजवळ बसू देत नव्हती. उरली संयोगिता. ती त्या संध्याकाळी बसली. मोरीनं पान्हा चोरला. दुसऱ्या दिवशी सकाळी लाथेनं चरवी उडवली. रेडकू पिऊन पिऊन किती पिणार? संध्याकाळपर्यंत कास दगडासारखी टणक झाली. आणखी एक वेळ तुंबली असती तर सड सुजले असते.

बनाबाईनं डाव्या हाताचा मोजा काढायला घेतला.

"मोजा काढलासा तर बघा," संयोगिता कासेपाशी बसल्या बसल्याच म्हणाली.

"मग कास फुटू दे काय तिची?"

बनाबाई वाकली तशी तिच्या नाकाला वास आला. "हाताला काय लावलंयस?"

"थंडीचं क्रीम. गुलाबाचं हाय."

"तिला काय लग्नाला न्यायची हाय? ऊठ. राखेनं धू ते हात."

संयोगिता हात धुऊन येईपर्यंत बनाबाईनं फळीवरून कागदाची पुडी काढली. मोज्यातल्या बोटांनी सुटता सुटेना म्हणून दातानं सोडली. पिवळा गोळा शेगडीवर धरला. "तळव्याला लाव. बोटांच्या पेरांला पन."

मोरीनं संयोगिताचे हात बराच वेळ हुंगले. दर थंडीत नाकात बसलेला वास होता तो, फक्त माणूस दुसरं होतं. मग तिनं मान खाली घातली. पहिल्या धारेचा आवाज चरवीच्या तळाशी वाजला. सगळं दूध सोडलं नाहीच, निम्मंच दिलं. बनाबाई तिच्या गळ्याखाली खाजवायला गेली तर मोज्याच्या मलमाच्या वासानं मोरीनं तोंड फिरवलं.

पाचव्या दिवशी दोघी मोरीला घेऊन कट्ट्यावर आल्या. बनाबाईचे हात पेटल्यासारखे लाल झाले होते, मोज्यातून ठणकत होते. संयोगिता मोरीखाली बसली. धुक्यातून भाऊसो आला आणि थांबला.

"हात दाव आधी," तो संयोगिताला म्हणाला.

तिनं दोन्ही तळवे वर केले. त्यानं पुढून बघितले, मागून बघितले. कोकमतेलानं ते चमकत होते. "हं," म्हणाला आणि कठड्यावरचा ग्लास उचलून तिच्यापुढं केला.

बनाबाई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. वीस वर्षांत भाऊसोनं तिला कधी हात दाखवायला सांगितलं नव्हतं. तिनं मोजे पदराखाली घेतले.

दूध पिऊन त्यानं मिशा पुसल्या. "कसं हाय आता, बनाक्का?"

"हाय की."

"उन्हाळ्यात बसशील परत?"

"बघूया. डॉक्टरीण पन तेच म्हनतीया."

मागून दुसरं गिऱ्हाईक आलं. त्यानंही ग्लास द्यायच्या आधी संयोगिताला हात दाखवायला लावले. ती दाखवत गेली, तिसऱ्यालाही, चौथ्यालाही.

मोरीनं मान वळवून इकडंतिकडं बघितलं. तिच्या पुढ्यातली वैरण संपली होती. बनाबाईनं पदराखालून हात काढले, मोज्याला चिकटलेलं कुसळ उपटून टाकलं आणि कडब्याची पेंढी सोडायला खाली वाकली.