माया ठेवून कापलेलं विमान

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहणारे काका एका दुपारी मोडकं विमान घेऊन माझ्या दारात उभे राहिले. पेठ रोडच्या त्या घरात मी ब्लाऊज आणि ड्रेस शिवते. काका सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर टर्नर होते. निवृत्त झाल्यावर त्यांना रिमोटवर उडणाऱ्या विमानांचा नाद लागला, एवढं मला ऐकून माहीत होतं.

"पंखाचं कापड फाटलंय," ते म्हणाले. "शिवून देशील?"

हलक्या लाकडाच्या काड्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणलेलं तलम कापड. मी विमान उलटसुलट करून पाहिलं, मापाची टेप लावली आणि म्हणाले, "शिवते. पण काका, ज्यानं हे कापलं त्याला कापता येत नाही. डावा पंख उजव्यापेक्षा बोटभर रुंद आहे."

"मीच कापलंय."

खरं तर मी ओशाळायला हवं होतं. पण वीस वर्षं कात्री हातात धरल्यावर माणूस कापणीच्या बाबतीत ओशाळत नाही. मी त्यांना दोन्हीकडची मापं दाखवली. ती बघून ते मोठ्यानं हसले. "मग तूच काप की एक!"

"कापते," मी म्हणाले. विमान कसं उडतं याचा मला तेव्हा काडीचा पत्ता नव्हता.

सामानाची अडचण आली नाही. माझे यजमान घरगुती वस्तूंच्या एका दुकानाचा टेम्पो चालवतात. फ्रिज, वॉशिंग मशीन गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायचं आणि खोक्यातला थर्माकोल उचलून आणून दुकानामागे टाकायचा, हे त्यांचं रोजचंच. त्या ढिगातले ठोकळे ते घरी आणू लागले. आठ दिवसांत आमची बाल्कनी भरली आणि कपडे वाळत घालायला जागा उरली नाही.

पॅकिंगचा थर्माकोल सरळ नसतो. कुठे खड्डा, कुठे खाच, कुठे मशीनच्या पायासाठी भोक. काका म्हणाले, यातून अखंड पंख निघणार नाही. मी वर्तमानपत्राचे नमुने कापले आणि ते ठोकळ्यावर फिरवत बसले. उरलेल्या तुकड्यातून बाही काढायची सवय असलेल्या बाईला भोकं चुकवून पंख काढणं काही जड नाही. तिरका ठेवला आणि बसला.

कापायची पद्धत मात्र काकांची. जुन्या शेगडीची कॉईल त्यांनी ओढून सरळ केली, ती तार लाकडी कमानीवर ताणून बसवली आणि बॅटरीला जोडली. तार तापली की थर्माकोलमधून लोण्यातून सुरी जावी तशी जायची. ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना पंखाच्या आकाराचे सनमायकाचे तुकडे लावायचे आणि दोघांनी कमान दोन्हीकडून धरून त्यांच्या कडेनं सारख्या वेगानं ओढायची. धूर नाकात जाऊ नये म्हणून हे काम आम्ही गच्चीवर करायचो, तोंडाला रुमाल बांधून.

पहिला पंख कापून झाला. माझ्याकडची बाजू गुळगुळीत होती. काकांच्या बाजूला लाटा उठल्या होत्या, बारीक, एकसारख्या. काकांनी त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "दुसऱ्या पंखाला तुझ्या नवऱ्याला बोलाव. माझी पाठ भरून आलीय." मी त्या लाटा काचकागदानं घासून काढल्या आणि विषय सोडून दिला.

चिकटवतानाही एक धडा मिळाला. मी चपलेला लावतात तो वासाचा गोंद घेतला, तर त्यानं थर्माकोल खाऊन टाकला. रात्रभर वाळवावा लागणारा साधा पांढरा गोंदच खरा. आतून बळकटी द्यायला पतंगाच्या बांबूची कामटी घातली, वरून पॅकिंगची टेप. पुढे काकांच्या मोडक्या विमानाची मोटर आणि पंखा, पोटात बॅटरी. शेपटीला वळण्यासाठी आणि वरखाली होण्यासाठी दोन हलत्या पट्ट्या, त्यांना तारा, तारांच्या दुसऱ्या टोकाला चिमुकल्या मोटरी. अडीच आठवड्यांत विमान उभं राहिलं.

उडवायला आम्ही यजमानांच्या टेम्पोतून घोटीजवळ माझ्या नणंदेच्या शेतावर गेलो. भात कापून झालं होतं, खाचरं मोकळी होती आणि वरून विजेची तार जात नव्हती. मी विमान डोक्यावर धरलं, काकांनी मोटर सुरू केली आणि मी जोरात पुढे फेकलं. ते वर गेलं. नाक आणखी वर, आणखी वर, मग हवेतच थबकलं आणि डावीकडे कलंडून बांधावर आपटलं.

काकांनी रिमोट टेम्पोच्या बॉनेटवर ठेवला आणि उजवा हात माझ्यासमोर धरला. अंगठा थरथरत होता.

"हे बघ. वर्ष झालं. डॉक्टर म्हणतात वयाचं आहे, जाणार नाही. तुझं विमान चांगलं होतं गं. या हातानं पाडलं."

परतीच्या वाटेला लागलो. कारखान्यात केसाएवढ्या मापावर काम केलेला माणूस खिडकीबाहेर बघत बसला होता, हात मांडीखाली दाबून.

घरी आल्यावर मी मोडलेलं विमान स्वयंपाकघरात घेतलं. हात थरथरला तर विमान डुगडुगेल, पण एकाच बाजूला का पडेल, हे माझ्या डोक्यातून जाईना. दोन्ही पंख सोडवून वजनकाट्यावर ठेवले. डावा अकरा ग्रॅमनं जास्त भरला. डावा फ्रिजच्या खोक्यातला, दाट दाण्यांचा. उजवा वॉशिंग मशीनच्या, भुसभुशीत. दोन ताग्यांतून दोन बाह्या कापायची चूक मी शिकाऊ असतानाही केली नव्हती. मग काकांनी शिकवलं होतं तसं, पंख पुन्हा टेकवून, विमान दोन बोटांवर तोललं. शेपटी खाली गेली. बॅटरी मी मागे बसवली होती.

तशीच काटा आणि पंख घेऊन खाली गेले. "काका, हात तुमचा नाही चुकला. कापणी माझी चुकली. हे बघा."

त्यांनी वजनं पाहिली, मान हलवली. "असेल. पण हात हलतो ते खरंच आहे ना?"

ते खरंच होतं. म्हणून दुसरं विमान मी वेगळं केलं. दोन्ही पंख एकाच ठोकळ्यातून, समोरासमोर ठेवून कापले. बॅटरी नाकाशी नेली. पंखांची टोकं आधीपेक्षा चांगली चार बोटं वर उचलली, कारण तसं केलं की एक पंख खाली गेला तरी विमान आपलं आपण सावरतं, हे काकांनीच एकदा कागदाच्या घडीवर दाखवलं होतं. आणि शेपटीच्या पट्टीला तार जिथे अडकते तिथे ओळीनं तीन भोकं होती, त्यातल्या सगळ्यात बाहेरच्या भोकात मी तार घातली. आता अंगठा इकडून तिकडे गेला तरी पट्टी नखभरच हलणार होती. शिवताना आत जादा कापडाची माया ठेवतो ना, माणूस थोडा इकडेतिकडे झाला तरी कपडा उसवू नये म्हणून, तसंच.

काकांना सांगितलं नाही. पण टर्नरच्या नजरेतून काय सुटतं? विमान हातात घेताच त्यांनी शेपटीकडे पाहिलं.

"भोक बदललंस."

"हो."

"पंखही जास्त उचललेत."

"हो."

त्यांचा चेहरा उतरला. "मला लुळा-पांगळा समजतेस होय?"

"काका," मी म्हणाले, "माझ्याकडे बायका येतात, एखादीचा एक खांदा उतरलेला असतो. ते तिला मी सांगत बसत नाही. कापडात धरते. हे विमान तुमच्या मापाचं केलंय. दुसऱ्या कुणाला ते ढिलं वाटेल."

त्यांनी शेपटीची पट्टी बोटानं वरखाली करून पाहिली. मग म्हणाले, "रविवारी मोकळी आहेस का?"

रविवारी पुन्हा तेच शेत. सकाळचं ऊन पडलं होतं, वारा बेताचा. नणंद या वेळी बघायला बांधावर आली. तिनं विमान हातात घेतलं आणि ओरडली, "वहिनी, हे लय हलकं हाय! वाऱ्यावर जाईल नं!"

"जाण्यासाठीच केलंय," मी म्हणाले आणि फेकलं.

सरळ गेलं. काकांनी हळूच वर घेतलं आणि लांब, रुंद वळण घातलं. मी विमानाकडे बघायच्या ऐवजी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते. तो थरथरत होता, आणि वर पांढरं विमान शांत चाललं होतं. मध्येच झुळूक आली आणि एक पंख चांगलाच खाली गेला. माझ्या तोंडून "काका!" निघालं. त्यांनी दोन्ही अंगठे सरळ उचलले, रिमोटच्या दांड्या मोकळ्या सोडल्या. विमान डुललं आणि आपलं आपण सरळ झालं.

"बघितलंस?" काका म्हणाले. "बघितलंस का?"

सहा मिनिटं उडवून त्यांनी ते खाचरात, भाताच्या धसकटांवर अलगद टेकवलं. यजमान धावत जाऊन घेऊन आले. बॅटरी बदलली आणि काकांनी रिमोट माझ्या हातात दिला.

"आता तू."

"मला कुठे येतंय!"

"मलाही कापता येत नव्हतं. तू तोंडावर सांगितलंस. आता मी सांगतो, धर."

एक वळण मला नीट जमलं. दुसऱ्या वळणाला विमान माझ्याकडे तोंड करून येऊ लागलं, तसं डावं-उजवं उलटं झालं आणि मी ते थेट बांधात घातलं. नाक चेपलं, पंखा मोडला. नणंद पोट धरून हसत होती. काका वाकून तुकडे गोळा करत होते आणि तेही हसत होते.

पिशवीत टेप होती, एक जादा पंखा होता. टेम्पोच्या फाळक्यावर बसून मी नाक जागेवर दाबलं, टेपचे तीन वेढे दिले, नवा पंखा बसवला आणि विमान दोन बोटांवर तोलून बघितलं. बरोबर होतं. काकांनी रिमोट घेतला, मी शेताच्या मध्यावर गेले आणि वाऱ्याकडे तोंड करून ते पुन्हा फेकलं.