समोरचं दुकान

पक्षाघात झाल्यापासून घड्याळजींना आपला डावा पाय कुणीतरी खोल पाण्यात ठेवून दिल्यासारखा वाटे. पाऊल जमिनीला टेकलं, तरी टेकल्याची बातमी लांबच्या गावाहून यावी तशी उशिरा पोचे. घर आणि त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान समोरासमोर, मध्ये फक्त रस्ता. पण खिडकीतून पाहताना तो रस्ता त्यांना नदीएवढा रुंद दिसायचा.

लेकीने सांगून ठेवलं होतं, "बाबा, महिनाअखेरपर्यंत आपल्या पायांनी दुकानात गेलात तर ठीक. नाहीतर दुकान बंद, आणि आईला घेऊन माझ्याकडे यायचं." बोलली मायेनेच, पण घड्याळजींचा जीव टांगणीला लागला.

व्यायाम शिकवायला रोज सकाळी एक ताई येई. टेबलावर ती चावीचं तालयंत्र ठेवी. टिक, टिक, टिक. "काका, प्रत्येक ठोक्याला एक पाऊल. पायाला वाट सापडत नाही ना, मग कानाने दाखवायची."

या ठोक्यांवर तिचे बाकीचे पेशंट चालू लागले होते. घड्याळजी मात्र दोन पावलं टाकत आणि थांबत. मान किंचित कललेली, डोळे अर्धे मिटलेले, जणू एखाद्या निवांत तळ्याकाठी उभे आहेत.

तीन आठवडे हेच. शेवटी ताईच्या नाकी नऊ आले. "काका, थांबता का हो सारखे? दुखतंय?"

"छे गं. तुझं यंत्र लंगडतंय. एक ठोका लांब, एक आखूड. टेबल तिरकं आहे बघ."

टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी गेली. ठोके सरळ झाले. घड्याळजी समाधानाने ऐकत राहिले, तिथल्या तिथेच.

आतून त्यांच्या बायकोचं हसू फुटलं. "अहो ताई, टिकटिक कानावर पडली की हे श्वाससुद्धा रोखून ऐकतात, चाळीस वर्षांची सवय. तुम्ही त्यांना थांबायचीच खूण करताय की!"

ताईने कपाळावर हात मारला आणि यंत्र बंद केलं. "मग काकू, काय ऐकून हे चालतात?"

"माझं गाणं. मी तोंड उघडलं की उठून दुसऱ्या खोलीत जातात."

"म्हणा तर मग!"

लेक लहान असताना तिला निजवायला म्हणत, तेच गाणं बाईंनी धरलं. सूर इकडचे तिकडे, पण झोका पक्का. ताईने मांडीवर ताल दिला. पाण्यातला पाय हलका झाला. घड्याळजी भिंतीपर्यंत गेले, वळले, परत आले.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी तिघं रस्त्यावर उतरली. पलीकडे दुकानाच्या दारात लेक उभी होती. वाहनं थांबली. बाई गात होत्या, घड्याळजी काठी टेकत चालत होते, ताई पाठीशी होती. अर्ध्या रस्त्यात बाईंना माणसं बघताना दिसली आणि त्या गप्प झाल्या. त्याबरोबर डावा पाय रुतल्यासारखा थांबला.

"अगं, म्हण ना."

"लोक बघताहेत हो."

"बघू देत. मला पलीकडे जायचंय."

बाईंनी पदर सारखा केला आणि मोठ्याने गाणं धरलं. पाऊल उचललं गेलं. मग दुसरं.

लेकीने किल्ली वडिलांच्या हातात ठेवली. मग डोळे पुसत म्हणाली, "पाचला बंद करायचं हं, बाबा."

"बघू," घड्याळजी म्हणाले आणि कुलूप चाचपू लागले.