पडदा काळा तो काळाच

आमच्या परळच्या चाळीत कुणाचं काही झाकून राहत नसे, आणि त्यात माझ्या बाबांचा मोठा हात होता. ते गिरणीत साचे चालवायचे, म्हणजे कापड विणायची यंत्रं. त्या खात्यात खडखडाट इतका की शेजारच्याशी बोलायचं तर एकमेकांचे ओठ वाचायचे. तिथल्या नोकरीत बाबांचे कान निम्मे गेले आणि डोळे दुप्पट झाले. समोरच्या गॅलरीत दोन बायका कुजबुजायला लागल्या की बाबा इकडे चहा पिता पिता आईला सांगायचे, "त्यांच्या सुनेला पुन्हा दिवस गेलेत." आई म्हणायची, "तुम्हाला काय करायच्यात नसत्या चौकश्या?" आणि लगेच, "कितवा महिना म्हणाली?"

संप झाला. गिरणी पुन्हा उघडली ती नावापुरती, आणि बाबांना काही आत घेतलं नाही. ते एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन झाले. त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. फक्त दसऱ्याला त्यांचं बिनसायचं. गिरणीत दसऱ्याला साचे पुसून, तेलपाणी करून, झेंडूचे हार घालून पूजा व्हायची. घरी आई पाटावर विळी, कात्री आणि पकड मांडायला घ्यायची, त्याच्या आतच बाबा चपला घालून बाहेर. चालत चालत शीवपर्यंत जायचे आणि जेवायला परत यायचे. लहान असताना एकदा मी विचारलं होतं, "तुम्ही पूजेला का थांबत नाही?" तर म्हणाले, "विळीची पूजा तुझी आई करते की. माझं मशीन कुठाय?"

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. तर मोठी झाल्यावर मी दादरला कॉम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स केला. वर्गात मुलगी मी एकटीच, त्यामुळे माझ्या अंगात दहा मुलांची मस्ती होती. पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, "मॅडम, टायपिंगचा वर्ग शेजारी आहे, चुकलात का?" त्या दिवसापासून मी स्क्रू ड्रायव्हर पर्समध्ये घेऊन फिरायला लागले. मी कामाला होते त्या ऑफिसने दोन जुने कॉम्प्युटर भंगारात काढले, ते मी मागून घेतले. दोन मेलेल्यांतून एक जिवंत करायचा होता. आठवडाभर खाटेवर सगळा पसारा, आम्ही तिघं खाली जमिनीवर. दसऱ्याच्या दोन दिवस आधी पडद्यावर अक्षरं उमटली आणि मी अशी किंचाळले की शेजारच्या काकी लाटणं घेऊन धावत आल्या.

बाबांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवला आणि थोड्या वेळाने म्हणाले, "पंखा एका बाजूला ओढतोय. पण चालेल." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "परवा दसरा ना? याची पूजा मी करतो. पण उघडून, पुसून. झाकलेल्या मशीनची पूजा करत नाहीत."

मी हो म्हटलं. ते घरी थांबणार म्हटल्यावर त्यांनी कॉम्प्युटर समुद्रावर नेऊन धुतो म्हटलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

दसऱ्याला सकाळी मी एकेक भाग सुटा करून पाटावर मांडला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. गिरणीत करत तसं त्यांनी कुंकू तेलात कालवलं, म्हणजे लोखंडावर नीट धरतं. मला धास्ती होती नारळाची. आईचं म्हणणं, नारळ मशीनसमोरच फोडायचा. माझं म्हणणं, एक थेंब उडाला तरी सगळं संपेल. आमची चांगली जुंपली आणि शेवटी मी नारळ उचलून थेट गॅलरीत नेऊन फोडला. परत आले तोवर बाबांनी सगळ्या भागांना टिळे लावले होते. डब्याला, पंख्याला, वीज पुरवणाऱ्या पेटीला. चित्र पडद्याकडे पाठवणारं कार्ड तेवढं कोरं दिसलं. चला, नाजूक वस्तू वाचली, म्हणून मी मनात खूश झाले.

मग काकी आणि त्यांचे यजमान यांच्यासमोर मी सगळं पुन्हा जोडलं. जोडताना प्रत्येक भागाची माहितीही दिली, कुणी विचारली नसताना. बटण बाबांना दाबायला लावलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला. पडदा मात्र काळा तो काळाच.

मी वायर काढून लावली. दुसरी वायर लावली. आमच्या प्लगवर विश्वास नव्हता म्हणून काकींच्या घरातून वीज घेतली. मेमरीची पट्टी काढून बसवली. काकांनी "टीव्हीचं पण असंच होतं" म्हणत मॉनिटरला दोन चापट्या हाणल्या. मी त्यांच्या अंगावर ओरडले. मग कुणी बघत नाही असं पाहून मीही एक हाणली.

"नजर लागली आसतली गो," काकी म्हणाल्या. "मीठ-मिरची आणू?"

"काकी, हे यंत्र आहे, बाळ नाही!"

"मगे रडता कित्याक तां?" काकी म्हणाल्या. "आयक. एक लांब, दोन बारीक. आमचो कुकर अडाकलो काय असोच वाजता."

बाहेर मंडळाचा लाऊडस्पीकर आणि घरात माझी बडबड, यात मला ते ऐकूच आलं नव्हतं. एक लांब, दोन आखूड. सरांनी हे घोकून घेतलं होतं: चित्राच्या कार्डाची तक्रार.

मी वळले तर बाबा दाराशी उभे. "राहू दे गं," ते म्हणाले. "मी हात लावायला नको होता. आता मला मशीन लाभत नाही." आणि ते वाकून चपला घालायला लागले.

घाईघाईने मी कार्ड उपसून काढलं. त्याच्या खालच्या कडेला सोनेरी दात असतात, ते खाचेत बसतात आणि तिथूनच सगळा व्यवहार चालतो. त्या दातांवर, बरोब्बर मधोमध, तेलातल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा होता. अख्ख्या कार्डावर जे सोन्यासारखं चमकत होतं, तिथेच बाबांनी मानाने बोट टेकवलं होतं.

माझी अब्रू वाचवायला एवढं पुरेसं होतं. ते कार्ड उंच धरून ओरडायचं, की बघा, माझं काही चुकलेलं नाही! जिभेवर आलंही होतं. आई समोर उभी राहून भुवयांनीच विचारत होती, काय झालं? मी आवाज न काढता नुसते ओठ हलवले: "बाबांचं कुंकू." आईने डोळे मिटले. बाबा खाली वाकून चपलेचा पट्टा शोधत होते.

मग मी मोठ्याने म्हटलं, "अगं बाई! कार्ड मीच नीट बसवलं नव्हतं! चूक माझी!"

"दादरला हेच शिकवतात काय?" काकांनी विचारलं. ते मला इतकं झोंबलं की आजही आठवलं तरी कान गरम होतात. मी तोंड फिरवलं, खोडरबर घेतला आणि दात घासत बसले. खोडरबर लाल झाला, तो मी मुठीत लपवला. कार्ड बसवलं, बटण दाबलं आणि अक्षरं आली. काकी म्हणाल्या, मीठ-मिरची त्यांनी मनातल्या मनात ओवाळली होती. बाबांनी चपला काढल्या, खुर्ची ओढली आणि पडद्यासमोर बसून श्रीखंड-पुरी खाल्ली. माझं खोटं पचलं म्हणून मी वर्षभर स्वतःवर खूश होते.

पुढच्या दसऱ्याला बाबा पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालून बसले. मी भाग मांडले, त्यांनी कुंकू कालवलं. नारळावरून आई आणि मी पुन्हा भांडलो. कार्डाची पाळी आली तेव्हा मी श्वास रोखून बघत होते. बाबांनी ते दोन बोटांत कडेने उचललं, जुन्या धोतराच्या स्वच्छ फडक्याने पुसलं आणि टिळा न लावता माझ्या हातात दिलं.

"साच्याला फणी असते," ते म्हणाले. "तिच्यातून सगळे धागे जातात. तिला कुंकू लावायचं नसतं, कापडावर लाल रेघ उठते. एका नव्या माणसाला मी त्यावरून सगळ्यांसमोर झापला होता. आणि मीच विसरलो."

मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?"

काका-काकी दारातच उभे होते. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळले आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून, गिरणीत बोलायचे तसं सावकाश म्हणाले. मला ओठ वाचता येत नाहीत, पण तेवढं आलं.

"या वेळी तरी कार्ड नीट बसव."