दोन्ही घरची पाहुणी

पहिल्या दिवशी ती माझ्या खिडकीशी आली तेव्हा मी तिला हाकलून दिलं होतं. खोटं कशाला बोलू? तिच्या अर्जावर दोन विषय होते, इंग्रजी साहित्य आणि फ्रेंच साहित्य, आणि तसला अर्ज दिसला की माझ्या कपाळाला आठी पडायची. मी इंग्रजी विभागाची कारकून, बावीस वर्षं तिथेच मुरलेली. "वर जा," म्हटलं. वरच्या फ्रेंचवाल्यांनी तिला "खाली जा" सांगितलं. चार वेळा जिना चढून-उतरून ती पुन्हा माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आता तुम्ही जाऊन या. मी इथे बसते."

चांगलाच राग आला मला. पण अर्ज घेतला.

आमच्याकडे खाली इंग्रजीचे प्रमुख सर आणि वर फ्रेंचच्या प्रमुख मॅडम. हा जोड अभ्यासक्रम दोघांनी मिळून काढला, तेव्हा ते नवरा-बायको होते. सहा वर्षांपूर्वी मॅडम सरांचं घर सोडून गेल्या. अभ्यासक्रम मात्र बंद करायला दोघांची सही लागायची, म्हणून तो तसाच चालू राहिला. तेव्हापासून एकमेकांशी अवाक्षर नाही. निरोप माझ्यामार्फत, तेही लेखी. जिन्यात समोरासमोर आले की सर बुटाची नाडी बांधायला वाकायचे. सरांच्या बुटांना नाडी नव्हती.

या भांडणात भरडली जायची ती जोडवाली पोरं. मंगळवारी दहाला सरांचा तास, मंगळवारी दहालाच मॅडमचा. कुणीही वेळ बदलायला तयार नाही. ही मुलगी आलटून-पालटून बसायची आणि दोघांच्या शिव्या खायची. निबंधाचंही तेच. सरांना पहिल्याच परिच्छेदात स्वतःचं मत हवं. मॅडमना आधी एक बाजू, मग उलट बाजू, आणि "मी" हा शब्द दिसला की लाल रेघ. सर तिच्या वहीवर लिहायचे, "ही वरची सवय." मॅडम लिहायच्या, "खालचा वास येतो." दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तशी गत. मीच तिचं नाव पाहुणी ठेवलं, आणि दोन्ही मजल्यांनी ते उचललं. सहा वर्षांत दोन्ही मजल्यांवर एकच शब्द चालला तो हा.

पाहुणी राहायची आत्याकडे. आत्या एकदा फी भरायला तिच्याबरोबर आली होती, माझ्यासमोरच सुरू झाली. "दोन भाषा शिकून काय दिवे लावणार गं? स्थळाला दोन भाषांत नाही म्हणणार?"

"एका भाषेत सांगितलेलं तुला कळतं कुठे?" पाहुणी म्हणाली.

तोंडाची अशी फटकळ. पण सकाळी मुलींच्या एका शाळेत दोन्ही भाषा शिकवायची, तिथल्या पोरी म्हणे तिला सोडायच्या नाहीत. जागा तात्पुरती होती. मुख्याध्यापिकांनी स्पष्ट सांगितलं होतं, जूनच्या आत पदवी हातात आली तर कायम करू, नाहीतर दुसरी बाई बघू. हे मला कळल्यावर मी जरा विरघळले. इतकी वर्षं त्या दोन महाभागांना पोरांचं वाटोळं करताना मी पाहत होते. निदान हिचं तरी व्हायला नको, असं मला मनापासून वाटायला लागलं.

शेवटच्या वर्षी प्रबंध असतो. अर्धा इंग्रजीत, अर्धा फ्रेंचमध्ये. नियमाने दोघांनी सगळा वाचायचा, पण रिवाज असा पडला होता की सर फक्त आपला अर्धा वाचणार आणि मॅडम आपला. तोंडी परीक्षासुद्धा दोन खोल्यांत, अर्धी खाली, अर्धी वर. पाहुणीने विषय घेतला, कादंबरीतली घर सोडून जाणारी बाई. मी कपाळावर हात मारला. "अगं, दुसरा विषय नव्हता का जगात?"

"मला याच कादंबऱ्या आवडल्या," ती म्हणाली.

मग काही महिन्यांनी, राहवेना तेव्हा, मी तिला समजावलं. मोठ्या बहिणीच्या नात्याने समजावलं. म्हटलं, "हे बघ, जिकडे खोबरं तिकडे चांगभलं. सरांच्या अर्ध्यात मागे राहिलेल्याची बाजू घे. मॅडमच्या अर्ध्यात गेलेल्या बाईची. कोण पडताळायला बसलंय?" ती फक्त हसली. मला वाटलं, पोरगी शहाणी झाली.

प्रबंध बांधून आला. इंग्रजी भाग मी चाळला. तिने लिहिलं होतं, बाई गेल्यावर लेखक तिच्यामागे न जाता त्या रिकाम्या घरात थांबतो, खुंटीवरचा एकच कोट बघत बसतो, आणि खरं दुःख तिथेच आहे. सर दोन दिवस खुशीत होते. वरच्या शिपायाने सांगितलं, मॅडमसुद्धा खुशीत आहेत. त्यांच्या भागात म्हणे लेखक त्या बाईबरोबर स्टेशनपर्यंत जातो, आणि मागच्या घराची कीव करणं हा भित्रेपणा ठरतो. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

पण ती दोघं एकमेकांना ओळखून होती. आपल्याविषयी दुसऱ्याच्या अर्ध्यात काय लिहिलंय, हे बघितल्याशिवाय राहवतं का? मॅडमना इंग्रजी येतंच. आणि सरांना फ्रेंच येत नाही, असं आम्ही सगळे समजत होतो. अठरा वर्षांच्या संसारात माणूस तेवढं शिकतोच, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी दोघांच्या चिठ्ठ्या माझ्या टेबलावर आल्या. परीक्षा एकाच खोलीत घ्या. दोघेही हजर राहू.

दोन्ही चिठ्ठ्या मी पुन्हा पुन्हा वाचल्या.

दाराबाहेर मी पाण्याचा जग घेऊन उभी होते. आत सर ओरडत होते, "हा दुटप्पीपणा आहे! एक तर हे खरं, नाहीतर ते!" मॅडम म्हणाल्या, "दोघांना बनवलंय हिने." सहा वर्षांत पहिल्यांदा दोघं एका सुरात. पाहुणीचा आवाज खालच्या पट्टीत होता, शब्द नीट ऐकू येत नव्हते, पण ती सावकाश, न थांबता बोलत होती. मग सर गप्प झाले. मॅडमही गप्प झाल्या. ती शांतता मला सहन होईना. वाटलं, आता दोघं मिळून हिचा गळा घोटणार.

मी दार ढकलून आत शिरले. "सर, मॅडम, पोरीला बोल लावू नका. तिचा काही दोष नाही. मीच तिला सांगितलं होतं, ज्याला जे आवडेल ते त्याच्या भागात लिही म्हणून."

पाहुणीने माझ्याकडे असं पाहिलं की मी जग खाली ठेवला.

"ऐकलंत?" सर म्हणाले.

"ऐकलं," मॅडम म्हणाल्या. सरांनी आपलं पेन त्यांच्यापुढे सरकवलं, आणि त्यांनी ते घेतलं. नापास. पुढच्या वर्षी पुन्हा.

शाळेने जूनमध्ये दुसरी बाई घेतली. पाहुणी कागदपत्रं परत न्यायला आली तेव्हा मी तिच्यापुढे खरंच हात जोडले. "मी तुला वाचवायला गेले गं. माझा सल्ला तू मानायलाच नको होतास."

"मानला कुठे?" ती म्हणाली. "तुम्ही सांगितलंत तेव्हा दोन्ही भाग लिहून झाले होते, ताई. एकही ओळ कुणासाठी लिहिली नव्हती. ते घर रिकामं झालं हेही मला पटलं होतं, आणि तिने जायलाच हवं होतं हेही."

"मग हे त्यांना का नाही सांगितलंस?"

"सांगत होते," ती म्हणाली. "ऐकतही होते दोघं. तेवढ्यात तुम्ही आत आलात."