आजींना विचारलं, उत्तर आबांनी दिलं

मंडळी, अजून डोकं तापलेलं आहे. मी धाराशिवात कुटुंब समुपदेशनाचं एम.ए. करतेय. आज सरांसमोर एका जोडप्याशी बोलायचं होतं. येरमाळ्याचे आबा आणि आजी. आजींना येडशीला लेकीकडे राहायला जायचंय, म्हणून मुलांनी दोघांना समेटासाठी आणलं होतं.

मी आजींना कारण विचारलं. आबाच म्हणाले, "तिला काय कळतंय?"

"आबा, तुम्ही जरा थांबा. आजींना बोलू द्या."

आजी हळू आवाजात म्हणाल्या, "मोठ्या दुष्काळात म्या खडी फोडायला जायची. अंगावरचं दूध आटलं व्हतं. हे तवा दूध सोसायटीचे चेअरमन. घरच्या म्हशीचं दूध साहेब लोकांच्या चहाला जायचं. माझी तान्ही पोर गेली. ह्यांनी तिचं नावसुदिक कदी काढलं न्हाय."

आबा चक्क हसले. "दुष्काळात लई लेकरं गेली. त्यात काय?"

मला शिसारी आली. त्याहून जास्त किळस आली सरांची. मला बाहेर बोलावून म्हणाले, "आजींना समजव. जोडपं टिकवणं हे आपलं काम."

मी नाही समजावलं. आजींना येडशीच्या बसमध्ये बसवून आले. आबा शिव्या देत होते. सरांनी उद्या जाब द्यायला बोलावलंय.

खरं सांगा, माझ्या जागी तुम्ही असता, तर त्या बाईला "परत नांदायला जा" म्हणाला असता?