बिडाच्या सिलिंडरवर पाणी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही.

आमच्या गावी, चांद्यात, माझ्या चुलत्यांची, नानांची, जुनी मोटारसायकल होती. तिच्यावर मागे बसवून त्यांनी मला पुण्याला कॉलेजच्या प्रवेशाला नेलं. आमच्या घरात पहिला पदवीधर मी झालो, तो नानांमुळे. पुढे मी हिंजवडीत नोकरीला लागलो आणि त्याच सुमारास तिच्या इंजिनच्या सिलिंडरचा काठ तुटला. बिडाचा सिलिंडर तो — ओतीव लोखंडाचा — नवा कुठे मिळेना.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, मी सणाला गावी आलो असताना, नानांचे लहानपणापासूनचे मित्र, शंकरभाऊ वेल्डर, आमच्या अंगणात आले. सिलिंडर तापवून त्यांनी पितळेनं जोड दिला आणि तो गरम राखेच्या डब्यात पुरला.

"उद्या सकाळी मीच काढीन. तवर कुणी हात लावू नका. बीड एकदम गार क्येलं की तडकतंय."

हे मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं.

दुपारी पूजेसाठी घरातले विळे, कोयते, ट्रॅक्टर, सगळं धुऊन झालं. सिलिंडर तेवढा राखेत. मी तो चिमट्यानं उपसला — आणि नळाखाली धरला. नानांसाठी धुतला, असं म्हणू का? खरं म्हणजे मला ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकायचा होता. बारीकसा आवाज झाला. जोडाशेजारी केसाएवढी चीर दिसली. मी तो पुसला आणि परत राखेत पुरला.

सकाळी शंकरभाऊंनी सिलिंडर राखेतून काढला आणि चीर सगळ्यांना दिसली. पूजेला आलेल्या लोकांसमोर नाना ओरडले, "शंकऱ्या, आता गेटांना रंग दे फक्त! ह्ये तुझं काम न्हाई!"

"नाना, जोड शाबूत हाय. बाजूला तडकलंय," शंकरभाऊ म्हणाले. राखेत ओल लागून झालेली गुठळी चिमटीत चोळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कुणी काढला व्हता का रं?"

मी — "नाही" म्हणालो.

"पोरगा इंजिनिअर हाय माझा, खोटं बोलंल व्हय?" नाना म्हणाले. शंकरभाऊ सामान उचलून गेले. दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत. बिडाचं काम शंकरभाऊंनी त्यानंतर घेतलंच नाही.

मागच्या वर्षी नाना गेले. शंकरभाऊ मातीला आले, मागे उभे राहिले. निघताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "रागात बोलला तो. त्याला तरी काय म्हाईत, चूक कुटं झाली."

मला माहीत होती. मी मान खाली घातली, आणि ते गेले.