सरिताची फ्रेम नेमकी कुठे तुटली

१. त्या रविवारी सकाळी पावणेसात वाजता घाटंजी-यवतमाळ रस्त्यावरच्या एका उतारावर सरिताची सायकल मोडली.
२. उताराच्या शेवटी नवीन स्पीड ब्रेकर आहे. त्यावर पांढरे पट्टे नाहीत.
३. ती डोक्यावर पडली. हेल्मेट होतं. दवाखान्यात पोचायच्या आधीच ती गेली.
४. सोबत कोणी नव्हतं. आधी ती पडली की आधी सायकल मोडली, हे कोणी पाहिलेलं नाही.
५. सायकलची फ्रेम मी वेल्ड केली होती.

आज तिची तेरवी झाली.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी. सरिता घाटंजीजवळच्या एका तांड्यावरची. पॉलिटेक्निकला आम्ही एका बेंचवर होतो. मी वेल्डिंगमध्ये गेले, लोहाऱ्याच्या एमआयडीसीत टाक्या बनवते. ती सायकलिंगमध्ये गेली. चौदा किलोच्या लोखंडी सायकलवर जिल्ह्यात पहिली आली.

"मले हलकी सायकल पायजे. तू बनव."

"मी टाक्या बनवते."

"मंग टाकीले चाकं लाव."

टायटेनियमचे पाइप यायला दोन महिने लागले. पुढचं चाक धरणारा कार्बनचा फोर्क, हलकी चाकं, चांगले ब्रेक, नवे गिअर, एकेक करून सगळं जमवलं. तिची उंची, पाय, हात मी तीन-तीनदा मोजले.

ती म्हणायची, "ब्लाऊज शिवून राह्यली का सायकल?"

टायटेनियम वेल्ड करताना तापलेल्या धातूला हवा लागू द्यायची नसते. पाइपच्या आतून आणि बाहेरून आरगॉन गॅस सतत सोडावा लागतो.
गॅस पुरला तर जोड चांदीसारखा राहतो.
कमी पडला तर निळा होतो.
निळा म्हणजे ठिसूळ.

हे मला तेव्हाही माहीत होतं.

हँडलखालचा जोड मी शेवटी घेतला. त्याच्या शेवटच्या दोन सेंटिमीटरला आरगॉनचा सिलिंडर संपला. तिथे निळा आला, कडेला जांभळा.

सरिता स्टुलावर बसून शेंगा खात होती. उठून जवळ आली.

"काय मस्त रंग आला वं. मोराच्या पिसावानी. याच्यावर पेंट नको मारू."

"हा रंग यायला नको होता."

"काहून? मोडते का?"

नियम सरळ आहे. जोड कापायचा, नवा पाइप घ्यायचा, पुन्हा वेल्ड करायचं. नवा पाइप म्हणजे आणखी दोन महिने. राज्याच्या संघाची निवड चाचणी तीन आठवड्यांवर होती. तिचं वजन अठ्ठेचाळीस किलो, डाग दोनच सेंटिमीटरचा, बाकी जोड चांगला. असा मी विचार केला.

डोक्यात उत्तर होतं, "बहुतेक नाही."

तोंडातून आलं, "नाही."

कंपनीत टाकीवर असा डाग दिसला असता तर मी ती टाकी रिजेक्ट केली असती. टाकीत फक्त पाणी भरतात.

सायकल तांड्यावर नेली तेव्हा तिच्या आईने ती कापूस मोजायच्या काट्याला लटकवली. सरिता आईला याडी म्हणायची, म्हणून मीही म्हणते. काट्यावर सात किलो शंभर ग्रॅम आले.

"सात किलो? एवढा कापूस तं मी न्याहारीच्या आंधी वेचतो," याडी म्हणाली. "नको बसू बाई हिच्यावर. वाऱ्यानं उडशीन."

"उडाचंच तं हाये मले."

निवड चाचणीत ती दुसरी आली. त्यानंतर सहा आठवडे रोज त्या सायकलवर होती. सहा आठवड्यांत एकदाही मी तो जोड पुन्हा तपासला नाही. ती म्हणायची, सायकल मस्त चालून राह्यली. मी तेवढ्यावर थांबले.

आज याडीने मला हाताला धरून पंगतीत बसवलं.

"तू तिची मैतरीण. पह्यले तू जेव. तू सायकल नसती देल्ली तं माह्या पोरीनं काय पाह्यलं असतं?"

मी जेवले. पूर्ण ताट संपवलं.

जेवणानंतर तिच्या काकांना विचारलं, सायकल कुठे आहे. पोलिसांनी पंचनाम्यानंतर परत दिली होती. पण ती वस्तू घरात नको, असं घरच्यांनी ठरवलं आणि काकांनी ती भंगारात देऊन टाकली.

"कुठून तुटली होती, काका?"

"पुढूनच तुटली. आता काय पाहाचं तिच्यात, बाई?"

पाहायचं एवढंच आहे. पाइप जोडापासून लांब, वाकून तुटला असेल तर तो स्पीड ब्रेकरचा मार आहे. जोडातूनच, काचेसारखा सरळ तुटला असेल तर ते माझं काम आहे.

तिथून सरळ भंगारवाल्याकडे गेले. त्याने फ्रेमला चुंबक लावलं होतं. चिकटलं नाही म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या ढिगात टाकली. तो ढीग यवतमाळला गेला. कोणत्या गोदामात, ते त्याला आठवत नाही. तिथला माल येत्या शुक्रवारी सकाळी भट्टीकडे निघतो, एवढं त्याला पक्कं माहीत आहे.

कृपया खाली "तुझी चूक नाही" असं लिहू नका. तुम्हाला ते माहीत नाही. मलाही नाही.

सरिता, तुला निरोप मी आज देत नाही. जे कळेल ते याडीला मी स्वतः जाऊन सांगणार आहे. तिने मला ज्या हाताने जेवायला बसवलं, त्या हाताला हे आधी कळायला हवं होतं.

यवतमाळ आणि लोहारा भागात कुणाची भंगार गोदामात ओळख असेल तर विचारून बघा. रंग न दिलेली करडी सायकल फ्रेम, पुढून तुटलेली. गंज नाही. चुंबक चिकटत नाही.
मला ती परत नको. तुटलेल्या दोन्ही टोकांचा उजेडात, जवळून काढलेला फोटो पुरेल.

गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत मला मेसेज करा.